बारावा गडी

वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांची चर्चा निघाली की आपण पदार्थांची नावं घेतो. मॉर्फिन, क्विनीन, कर्करोगावरचं टॅक्सॉल, हिवतापावरचं आर्टेमिसिनिन. हे पदार्थ ज्यांच्या हातून घडतात त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. झाडाच्या पेशीतले हे कारागीर म्हणजे विकरं, आपण ज्यांना एन्झाइम म्हणतो ती प्रथिनं. एकेक विकर एकच बारीकसं काम करतं. कुणी दोन तुकडे जोडतं, कुणी नेमक्या एका कार्बनवर ऑक्सिजन बसवतं, कुणी रेणूची एक बाजू नुसती उलटी करून पुढच्याच्या हाती देतं. अशी वीस-तीस कामं ओळीने झाली की औषध तयार होतं. रसायनशास्त्रज्ञांनी १९५२ साली मॉर्फिन आणि १९९४ साली टॅक्सॉल प्रयोगशाळेत शून्यापासून घडवून दाखवलं खरं, पण ते कसब दाखवण्यापुरतंच राहिलं. मॉर्फिन आजही अफूच्या शेतातूनच येतं.

आता हे कारागीर झाडातून उचलून यीस्टमध्ये बसवता येतात. त्यांची जनुकं यीस्टच्या पेशीत घातली आणि टाकीत साखर सोडली की पाव फुगवणारं तेच यीस्ट हिवतापाच्या औषधाचा कच्चा माल बनवायला लागतं. या तंत्राचं कौतुक भरपूर झालं आहे, त्यात मला भर घालायची नाही. माझा मुद्दा पैशाचा आहे. वनस्पतींच्या विकरांचं ज्ञान आपण धंदा म्हणून बाजाराच्या हवाली केलं आणि बाजाराने त्याला नापास केलं. हे ज्ञान खरं तर विम्याच्या जातीचं आहे. घर जळत नाही तोवर विम्याचा प्रत्येक हप्ता वायाच गेलेला असतो, तरी शहाणा माणूस तो भरतो. इथला हप्ता सार्वजनिक तिजोरीतून भरला जावा, असं मला म्हणायचं आहे.

आर्टेमिसिनिनची गोष्ट इथे जरा तपशिलात सांगावी लागेल, कारण या विषयातले जवळजवळ सगळे वाद तिच्या पोटात आहेत. चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी हिवतापावर औषध शोधायची एक गुप्त मोहीम सुरू झाली. तारखेवरूनच तिचं नाव पडलं, प्रकल्प ५२३. या मोहिमेत तू यूयू यांनी एका प्राचीन चिनी ग्रंथातल्या कृतीवरून ताडलं की पाला उकळल्याने औषध मरत असावं. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिया ॲनुआ या झुडपातलं आर्टेमिसिनिन वेगळं झालं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं, पण त्याआधीच या औषधाने बाजारात बरीच धूळ उडवली होती. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचारांची शिफारस केली आणि मागणी उसळली. पण हे पडलं शेतातलं पीक. पेरणीपासून शुद्ध औषध हाती येईपर्यंत वर्ष उलटून जातं. आज भाव चढला म्हणून उद्या पुरवठा वाढत नाही. तो वाढतो पुढल्या हंगामात, सगळ्यांनी एकदम पेरल्यावर, आणि मग भाव कोसळतो. पुढच्या वर्षी कुणीच पेरत नाही. २००५ ते २००८ या काळात किलोचा भाव सुमारे १२० डॉलर ते १२०० डॉलर असा झोके खात होता. तापाने फणफणलेल्या मुलाला या झोक्याशी काही देणंघेणं नसतं.

यावर उतारा म्हणून कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे संशोधक जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्ट हाताशी धरलं. २००४ साली गेट्स फाउंडेशनने या कामासाठी ४ कोटी २६ लाख डॉलर दिले होते. २००६ साली त्यांच्या यीस्टमधून लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल निघालं. आर्टेमिसिनिनच्या अलीकडची ही पायरी. २०१३ साली तेच प्रमाण लिटरमागे २५ ग्रॅमवर गेलं. अडीचशे पट! यात टाकी सुधारण्याचा भाग होताच, पण मोठी मजल मारता आली ती त्याच झुडपात दडलेली आणखी काही विकरं आणि एक मदतनीस प्रथिन सापडल्यामुळे. आधी ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. या सगळ्या खटाटोपात सुमारे दीडशे मनुष्यवर्षं गेली असं सांगतात.

पुढे सनोफी कंपनीने इटलीतल्या गारेसिओच्या कारखान्यात उत्पादन सुरू केलं. ना नफा ना तोटा या हिशेबाने किलोला ३५० ते ४०० डॉलर भाव बसत होता. तेवढ्यात शेतातला माल भरपूर झाला आणि भाव २५० डॉलरच्याही खाली उतरला. २०१५ साली या कारखान्याने आर्टेमिसिनिनचा एक दाणाही काढला नाही. मग कारखानाच विकून टाकला.

त्यानंतर बहुतेकांनी या प्रकरणाची नोंद ‘अपयश’ या खात्यात केली. मला ती नोंद चुकीच्या वहीत केलेली वाटते. क्रिकेटमध्ये बारावा गडी असतो. त्याने किती धावा काढल्या हे कुणी विचारत नाही. तो तंदुरुस्त आहे ना, सराव करतो ना आणि हाक मारल्यावर मैदानात येईल ना, एवढंच पाहायचं. यीस्टचा हा कारखाना बारावा गडी होता. आपण त्याला अकरात खेळवायला निघालो आणि शेतकऱ्याइतक्या धावा केल्या नाहीत म्हणून संघातून काढलं. आता कुठे दोन हंगाम पाऊस फिरला किंवा पिकावर रोग पडला तर हाक मारायला मागे कोण आहे?

टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. आर्टेमिसियाचं पीक चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतले लहान लहान शेतकरी घेतात. टाकी जर त्यांच्याशी भावात झुंजायला उतरली तर पहिला घाव त्यांच्यावर पडतो. टाकी येणार अशी नुसती हूल उठली तरी काही जण पेरणी टाळतील आणि ज्या टंचाईसाठी टाकी बांधली ती टंचाई तीच टाकी ओढवून घेईल. बारावा गडी असणं म्हणूनच महत्त्वाचं. धान्याचा राखीव साठा ठेवतात तसा नियम इथेही जाहीर करता येतो. भाव एका मर्यादेच्या वर गेला तरच टाकी सुरू व्हायची, एरवी ती बंद. ती मर्यादा शेतकऱ्यालाही आधीच ठाऊक असेल. तंत्र राखून ठेवण्याचा खर्च मात्र दरवर्षी करावा लागेल: यीस्टचे वाण गोठवून जपणं, वर्षा-दोन वर्षांनी एकदा चालवून बघणं, परवानग्या जिवंत ठेवणं, हात बसलेली माणसं नोकरीवर ठेवणं. कोणतीही कंपनी हे स्वतःच्या खिशातून करणार नाही, आणि तिने ते करावं अशी अपेक्षाही गैर आहे. अग्निशमन दलाला आपण आगीमागे पैसे देत नाही.

विम्याचा हा युक्तिवाद ताणला तर कुठे तुटतो तेही सांगायला हवं. २०१९ साली अमेरिकेत व्हिनक्रिस्टिनची टंचाई झाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं हे मुख्य औषध. दोन उत्पादकांपैकी एकाने उत्पादन थांबवलं, दुसऱ्याचा पुरवठा अडखळला आणि कोणत्या मुलाला आधी द्यायचं याची चर्चा डॉक्टरांना करावी लागली. तिथे ना पानांचा तुटवडा होता ना विकरांचा. स्वस्त झालेलं जुनं औषध बनवण्यात कुणाला रस उरला नव्हता, एवढंच. यीस्ट ही जादूची कांडी नाही. साखळीची एक कडी ते मजबूत करतं, बाकीच्या कड्या आपल्याला वेगळ्या सांभाळाव्या लागतात. तरीही त्या टंचाईतून मला दिसतं ते हेच की फायदा संपला की बाजार उठून जातो, औषध कितीही गरजेचं असो.

व्हिनक्रिस्टिन येतं सदाफुलीतून. मूळची मादागास्करची ही वनस्पती. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तिच्या पानांत मधुमेहावरचा गुण तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि त्यातून कर्करोगावरची दोन औषधं हाती आली. पानांत ती इतकी थोडी असतात की एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो आणि एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनला सुमारे २००० किलो वाळलेली पानं लागतात.

सदाफुली हा कारखाना कसा चालवते ते पाहण्यासारखं आहे, आणि विकरं शोधायला इतका वेळ का लागतो हेही त्यातूनच कळतं. तीसहून अधिक पायऱ्यांचं हे काम एका पेशीत होत नाही. सुरुवातीचा भाग पानाच्या शिरांलगतच्या पेशींत होतो, मधला पानाच्या वरच्या त्वचेत आणि शेवटचा भलत्याच पेशींत. अर्धवट झालेला माल एका पेशीतून दुसरीत पोचवला जातो. वाटेत स्ट्रिक्टोसिडीन नावाचा एक नाक्यावरचा रेणू तयार होतो. क्विनीन, सर्पगंधेतलं रेसर्पिन, कुचल्यातलं स्ट्रिक्नीन, सदाफुलीतली ही औषधं, सगळ्यांच्या वाटा या नाक्यावरून फुटतात. सदाफुली हा रेणू पेशीतल्या एका पिशवीत कोंडून ठेवते आणि त्याला फोडणारं विकर त्याच पेशीच्या केंद्रकात ठेवते. अळीने पान कुरतडलं की भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते आणि प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकणारं विष तयार होतं. आपण जे औषध म्हणून घेतो ते झाडाच्या लेखी दारूगोळा आहे. दारूगोळा आणि काडेपेटी कुणी एका खोलीत ठेवत नाही, झाडही ठेवत नाही.

बुरशी आणि जिवाणूंमध्ये अशा विकरांची जनुकं बहुतेकदा शेजारी शेजारी असतात. एक सापडलं की बाकीची हाती लागतात. वनस्पतींत काही सन्माननीय अपवाद आहेत, अफूतल्या नॉस्कॅपीनची दहा जनुकं एकत्र सापडली होती. पण बहुतेक ठिकाणी ती संपूर्ण जनुकसंचात विखुरलेली असतात. एका पदार्थाची कृती एका जाडजूड ग्रंथाच्या पानापानांवर एकेक ओळ अशी लिहून ठेवल्यासारखं. सदाफुलीतली शेवटची हरवलेली विकरं २०१८ साली सारा ओ'कॉनर यांच्या गटाला सापडली आणि २०२२ साली यीस्टमध्ये व्हिनब्लास्टिनचे दोन्ही अर्धे भाग बनले. लिटरमागे काही शे मायक्रोग्रॅम. त्यावर कारखाना उभा राहत नाही, हे उघड आहे. आर्टेमिसिनिनचीही २००६ पूर्वी हीच गत होती.

टॅक्सॉलचं उदाहरण तर ‘हे काम खाजगी पैशावर सोडा’ म्हणणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावं. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या यू वृक्षाची साल १९६२ साली सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञाने गोळा केली. वॉल आणि वाणी यांनी १९७१ मध्ये रेणूची रचना प्रसिद्ध केली आणि १९९२ साली औषधाला मान्यता मिळाली. साल सोलली की झाड मरतं, आणि एका किलोसाठी हजारो झाडं लागत. पुढे युरोपीय यूच्या पानांतून जवळचा एक रेणू काढून त्यावर उरलेलं काम रसायनशाळेत करण्याची युक्ती निघाली, तेव्हा कुठे साल वाचली. या मार्गातलं पहिलं विकर, टॅक्साडाइन सिंथेज, त्याचं जनुक १९९६ साली रॉडनी क्रोटो यांच्या गटाने वेगळं काढलं. दुसऱ्या पायरीचं विकरही लवकरच सापडलं. आणि तिथेच सगळं अडकलं. यीस्टमध्ये किंवा तंबाखूच्या पानात घातलं की ते विकर हवा तो पदार्थ थोडासा आणि नको ते पदार्थ ढीगभर बनवी. झाडात मात्र त्याचं काम व्यवस्थित चाले. वर्षानुवर्षं सगळे विकराला दोष देत राहिले.

२०२५ साली स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ सॅटली यांच्या गटाने उत्तर दिलं. हरवलेली वस्तू नेहमीच्या अर्थाने विकर नव्हतीच. एक छोटं मदतनीस प्रथिन होतं. ते जोडीला दिलं की दुसरी पायरी सुतासारखी सरळ. त्यानंतर सतरा जनुकांच्या जोरावर तंबाखूच्या एका भाईबंदाच्या पानात बॅकाटिन-३, म्हणजे टॅक्सॉलचा गाभा, यूच्या पानांच्या तोडीने तयार झाला. १९९६ ते २०२५. एकोणतीस वर्षं! पेटंटचं आयुष्य वीस वर्षांचं. ज्या गोष्टीचं नावही कुणाला माहीत नाही तिच्या शोधात इतकी वर्षं बसण्याची मुभा कोणत्या संचालक मंडळाने दिली असती? असलं काम विद्यापीठात होतं, अनुदानाच्या पैशावर होतं, आणि अनुदान देणाऱ्या समितीने ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न दर तीन वर्षांनी विचारला नाही तरच होतं.

एका भीतीबद्दल दोन वाक्यं. २०१५ साली यीस्टमध्ये अफूवर्गीय औषध बनलं तेव्हा घरोघरी मादक पदार्थांच्या भट्ट्या लागतील असा गलका झाला होता. प्रत्यक्षात त्या यीस्टपासून एक मात्रा काढायला हजारो लिटरची टाकी लागली असती. वाणांवर लक्ष ठेवायलाच हवं, पण त्यासाठी संशोधनाला टाळं लावायची गरज नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्या एका समजाची वाटते. विकरं मिळाली, आता झाडांची गरज नाही, हा तो समज. टाकीत साखर लागते आणि साखर शेतातच पिकते, हे सोडा. पृथ्वीवर संवहनी वनस्पतींच्या साडेतीन लाखांच्या आसपास जाती आहेत आणि ज्यांचा औषधी मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडला अशांची यादी अगदी तोकडी आहे. टॅक्सॉलचं ते मदतनीस प्रथिन संगणकाला सुचलं नाही. यूच्या पेशींना वेगवेगळ्या तऱ्हांनी डिवचून कोणती जनुकं एकत्र जागी होतात हे पाहिलं तेव्हा ते दिसलं. जिवंत झाड लागलं. हिमालयातला यू आज धोक्यात आलेल्या जातींत आहे. हिमालयातल्याच पोडोफायलमवर इटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध उभं आहे, आणि त्याच्या विकरांचा माग २०१५ साली लागला तोही त्याच्या पानांना जखमा करून. वनस्पती आधी संपली तर तिची कृती लिहून घ्यायला कुणाकडे जाणार? म्हणून विम्याच्या हप्त्यात जंगल राखण्याचा खर्चही धरला पाहिजे. तो धरला नाही तर बाकीचा हिशेब खोटा.

आता मालकी. जैवविविधता करार १९९३ मध्ये आणि नागोया करार २०१४ मध्ये लागू झाला. दोन्हींचा गाभा असा की ज्या देशातून वनस्पती घेतली त्याला लाभाचा वाटा मिळावा. पण हे करार झाले तेव्हा डोळ्यांसमोर पोतं होतं, मुळ्या-पाल्याने भरलेलं. आज पोतं सीमा ओलांडतच नाही. जनुकाची अक्षरं एका संगणकातून दुसऱ्यात जातात, तिथे जनुक नव्याने घडवलं जातं आणि यीस्टमध्ये बसतं. २०२२ साली मॉन्ट्रियलमध्ये या अक्षरांच्या लाभाचाही वाटा द्यायचं ठरलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यासाठी ‘काली निधी’ (कोलंबियातल्या काली शहरावरून हे नाव) सुरू झाला. मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या १ टक्का किंवा उलाढालीच्या ०.१ टक्का रक्कम द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षाच. सक्ती नाही.

यावर दोन टोकाच्या भूमिका ऐकू येतात. एक म्हणते, प्रत्येक देशाने आपल्या वनस्पतींच्या जनुकांची माहिती कुलपात ठेवावी. दुसरी म्हणते, सगळं सगळ्यांना फुकट खुलं. कुलपाने नुकसानच होईल असं माझं मत आहे. सदाफुलीतलं विकर ओळखायला सर्पगंधेतलं विकर शेजारी ठेवून पाहावं लागतं, तुलनेशिवाय या विषयाचं पानही हलत नाही. पण ‘फुकट खुलं’ म्हणजे ज्याच्याकडे टाकी आहे त्याला खुलं, हेही तितकंच खरं. म्हणून वाचायला खुलं आणि विकायला सशुल्क, अशी सक्तीची रचना मला रास्त वाटते. विकराच्या नैसर्गिक अनुक्रमावर कुणाचीही मालकी नसावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निसर्गात जसा आहे तसा डीएनए पेटंटयोग्य नाही असं सांगितलं, पण त्याची प्रयोगशाळेत तयार केलेली प्रत पेटंटयोग्य ठरवली. कारखान्यात ही प्रतच वापरली जाते, त्यामुळे पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं झालं. कंपनीने आपल्या मेहनतीने घडवलेल्या यीस्टच्या वाणावर हक्क सांगावा, त्याला ना नाही. कारागीर मात्र झाडाचे आहेत.

पुढची परीक्षा कदाचित क्विलाया या चिलीतल्या झाडाची असेल. त्याच्या सालीतलं क्यूएस-२१ हे साबणासारखं द्रव्य लसीचा जोर वाढवतं. नागिणीच्या लसीत ते आहे, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या हिवतापाच्या लसीतही आहे. लस जितक्या मुलांना द्यायची तितकी साल लागणार. त्याचा मार्ग उलगडला आहे आणि २०२४ साली यीस्टने साध्या साखरेपासून हे द्रव्य बनवून दाखवलं, पण लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. तिथून कारखान्यापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. आर्टेमिसिनिनला १०० मिलिग्रॅमपासून २५ ग्रॅमपर्यंत यायला सात वर्षं लागली होती, आणि तीही हातात पैसे असताना.